पोस्टग्रेसमध्ये स्वतःचं ॲग्रिगेट फंक्शन लिहिताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सम, काउंट, ॲव्हरेज, मिन आणि मॅक्स या पाचांवर बरीच वर्षं भागतं. मग एक दिवस असा हिशेब समोर येतो की पाचांपैकी एकही पुरत नाही, आणि 'आपलं स्वतःचं ॲग्रिगेट लिहिता येईल का' हा प्रश्न पडतो. येतं, आणि वाटतं त्यापेक्षा सोपं आहे. अवघड आहे ते ते बरोबर लिहिणं. खालची उत्तरं पोस्टग्रेस हा डेटाबेस धरून दिली आहेत. आज्ञांची नावं आपण बोलतो तशी लिहिली आहेत. एडिटरमध्ये अर्थातच रोमन लिपीत टाका.

साधं फंक्शन आणि ॲग्रिगेट फंक्शन यांत फरक काय?

साधं फंक्शन एका ओळीतल्या किमती घेतं आणि एक उत्तर देतं. पुढच्या ओळीला मागच्या ओळीची आठवण नसते. ॲग्रिगेट अनेक ओळी घेऊन शेवटी एकच उत्तर देतं, त्यामुळे त्याला काहीतरी लक्षात ठेवत पुढे जावं लागतं.

जुन्या खतावणीत प्रत्येक पानाच्या डोक्यावर 'मागील पानावरून' अशी रक्कम असते. तुम्ही या पानावरच्या नोंदी तिच्यात मिळवता आणि तळाशी 'पुढील पानावर' लिहिता. मागची सगळी पानं पुन्हा उलटावी लागत नाहीत. डेटाबेसमध्ये या पुढे नेलेल्या रकमेला स्टेट म्हणतात. प्रत्येक ओळ आली की जुनी स्टेट आणि नवी ओळ मिळून नवी स्टेट तयार होते. सगळ्या ओळी संपल्या की स्टेटवरून उत्तर काढायचं. ॲग्रिगेट म्हणजे एवढंच.

मला ते खरंच लागणार आहे का?

बहुतेक वेळा नाही. आधी हे बघा: फिल्टर हे उपवाक्य (आवृत्ती ९.४ पासून, म्हणजे २०१४ पासून आहे), केस लावलेला सम, स्ट्रिंग ॲग, ॲरे ॲग आणि मध्यकासाठी विदिन ग्रुपसकट पर्सेंटाइल कॉन्ट. मध्यकाचं ॲग्रिगेट हाताने लिहिणारे लोक मला अजूनही भेटतात, आणि ते सहसा जुन्या आवृत्तीसाठी लिहिलेला कोड कुठून तरी उचलून आणलेले असतात.

स्वतःचं लिहावं ते दोन कारणांसाठी. एक, हिशेब उपलब्ध फंक्शनांच्या जुळणीतून बसतच नाही. दोन, बसतो, पण तेच सूत्र वीस क्वेऱ्यांमध्ये चिकटवावं लागतं आणि त्यातल्या दोन-तीन ठिकाणी ते हमखास चुकतं. माझ्या अनुभवात दुसरं कारण जास्त खरं.

भारित सरासरी तर दोन सम भागून मिळते. मग ॲग्रिगेट कशाला?

इथेच मी स्वतः तोंडघशी पडलो आहे, म्हणून सविस्तर सांगतो.

दूध संकलनाचा तक्ता घ्या. गाईचं दूध ४० लिटर, फॅट ३.५. म्हशीचं १० लिटर, फॅट ७. साधी सरासरी घेतली तर ५.२५ येते, जी साफ चूक आहे, कारण चाळीस लिटर आणि दहा लिटर यांना तिने सारखंच मोजलं. खरं उत्तर: १४० अधिक ७० म्हणजे २१०, भागिले ५० लिटर, म्हणजे ४.२. लिटर गुणिले फॅट यांचा सम, भागिले लिटरचा सम. इथपर्यंत सरळ आहे.

आता तिसरी ओळ आली: १० लिटर, पण फॅट मोजायचं राहिलं, म्हणून तिथे नल. वरच्या गुणाकारात ही ओळ नल होते आणि सम तिला गुपचूप वगळतो. खालच्या लिटरच्या समात मात्र तिचे दहा लिटर धरले जातात. म्हणजे २१० भागिले ६०, उत्तर ३.५. एरर नाही, इशारा नाही, आणि आकडा असा की बघणाऱ्याला शंकाही येऊ नये. माझ्या अहवालात हे तीन महिने चाललं. शेवटी ते पकडलं एका हिशेबनीसाने, कॅल्क्युलेटरवर.

दुरुस्ती सोपी आहे: खालच्या समाला 'फॅट नल नसेल तरच' असा फिल्टर. पण ती प्रत्येक क्वेरीत, प्रत्येकाने, प्रत्येक वेळी आठवणीने लावायची. ॲग्रिगेटमध्ये तो निर्णय एकाच जागी राहतो. मला ॲग्रिगेट हवं होतं ते त्यासाठी, सूत्र लांब आहे म्हणून नव्हे.

क्रिएट ॲग्रिगेटमध्ये काय काय द्यावं लागतं?

सक्तीच्या गोष्टी दोनच. एसफंक, म्हणजे स्टेट पुढे नेणारं फंक्शन, आणि एसटाइप, म्हणजे स्टेटचा डेटा प्रकार. बाकी सगळं गरजेनुसार: इनिटकंड ही सुरुवातीची स्टेट, फायनलफंक हे स्टेटवरून उत्तर काढणारं फंक्शन, आणि पुढे ज्यांच्याबद्दल बोलू ते कंबाइनफंक वगैरे.

भारित सरासरीसाठी स्टेट दोन आकड्यांचा न्यूमेरिक ॲरे (न्यूमेरिक म्हणजे दशांश आकडे नेमके साठवणारा प्रकार, ॲरे म्हणजे खणांची रांग): पहिल्या खणात किंमत गुणिले वजन यांची बेरीज, दुसऱ्यात वजनांची. इनिटकंड म्हणजे महिरपी कंसात शून्य स्वल्पविराम शून्य. ते मजकूर म्हणून अवतरणात द्यायचं, डेटाबेस त्याचं एसटाइपमध्ये रूपांतर करतो. एसफंक तीन गोष्टी घेतं: स्टेट, किंमत, वजन. फायनलफंक पहिला खण भागिले दुसरा खण. पोस्टग्रेसचे ॲरे एकपासून मोजले जातात, हे सी आणि पायथनवाल्यांनी ध्यानात ठेवावं.

एक खोडकर गोष्ट. किंमत आणि वजन दोन्ही न्यूमेरिक असल्यामुळे कोणी त्यांची अदलाबदल केली तर डेटाबेस तक्रार करत नाही. वरच्याच दोन ओळींवर फॅट आणि लिटर उलटे दिले तर २१० भागिले १०.५, म्हणजे २० येतं. वीस फॅटचं दूध! हा आकडा निदान हास्यास्पद आहे म्हणून पकडला तरी जातो. पॅरामीटरचा क्रम फंक्शनच्या कमेंटमध्ये लिहून ठेवा.

सगळ्यात छोटं उदाहरण कोणतं?

गुणाकार. पोस्टग्रेसमध्ये गुणाकाराचं ॲग्रिगेट तयार मिळत नाही, पण त्याला एसफंक म्हणून आत आधीपासूनच असलेलं न्यूमेरिक मल हे फंक्शन द्यायचं आणि एसटाइप न्यूमेरिक. झालं. स्वतःची एक ओळही लिहावी लागत नाही. दरमहा वाढीचे गुणक एकमेकांत गुणून वर्षाची वाढ काढायची असेल तर उपयोगी.

काही जण हेच लॉगॅरिदमची बेरीज करून आणि मग एक्सपोनेन्शियल घेऊन साधतात. युक्ती छान आहे, पण एखादी किंमत शून्य किंवा ऋण निघाली की क्वेरी कोसळते.

नल आला तर काय होतं?

हे एसफंक स्ट्रिक्ट आहे की नाही यावर ठरतं.

स्ट्रिक्ट असेल तर जिच्या कुठल्याही इनपुटमध्ये नल आहे अशी ओळ सरळ ओलांडली जाते, एसफंकला हाकच जात नाही. भारित सरासरीत नेमकं हेच हवं: फॅट नसेल तर त्या ओळीचे लिटरही धरायचे नाहीत. त्यात इनिटकंड दिलेलं नसेल तर पहिली नल नसलेली किंमत हीच सुरुवातीची स्टेट बनते. गुणाकाराचं उदाहरण यावरच उभं आहे. अर्थात त्यासाठी इनपुटचा आणि स्टेटचा प्रकार जुळायला हवा, नाहीतर ॲग्रिगेट तयार करतानाच एरर येते.

स्ट्रिक्ट नसेल तर प्रत्येक ओळ तुमच्याकडे येते आणि नलचं काय करायचं ते तुम्ही बघायचं. न बघता नुसती बेरीज केली तर एका नलने स्टेट नल होते आणि पुढच्या लाख ओळींनीही ती सावरत नाही. मोठ्या गटाचं उत्तर नल आणि लहान गटांची उत्तरं बरोबर, असं दिसलं की आधी इथे शोधा.

गटात एकही उपयोगी ओळ नसेल तर उत्तर काय असावं?

हा तांत्रिक प्रश्न वाटतो, पण आहे अर्थाचा. मानक एसक्यूएलमध्ये काउंट शून्य देतो आणि सम नल देतो. गुणाकाराला इनिटकंड एक दिलं तर रिकाम्या गटाचं उत्तर एक, न दिलं तर नल. गणित शिकलेला माणूस एक म्हणेल. अहवाल वाचणाऱ्याला मात्र 'माहिती नाही' आणि 'वाढ नाही' यांतला फरक हवा असतो, म्हणून मी नल ठेवतो. भारित सरासरीत स्टेट शून्य-शून्यच राहते, तेव्हा फायनलफंकमध्ये भाजकाला नलइफ (शून्य असेल तर त्याचा नल करणारं फंक्शन) लावा, नाहीतर शून्याने भागल्याची एरर घेऊन अख्खी क्वेरी पडेल.

स्टेटमध्ये नेमकं काय ठेवायचं, हे कसं ठरवू?

हा या पानावरचा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न. स्टेट नीट ठरली की उरलेली फंक्शनं बहुधा दोन-दोन ओळींची होतात. ती चुकली तर पुढे कितीही ठिगळं लावा, घोडं तिथेच पेंड खाणार.

नेहमीची चूक म्हणजे उत्तर हीच स्टेट करणं. सरासरी हवी, म्हणून स्टेटमध्ये आतापर्यंतची सरासरी. पण ५ या सरासरीवरून ती दोन ओळींची की दोन हजारांची हे कळत नाही, त्यामुळे पुढची ओळ मिळवताच येत नाही. सरासरीची स्टेट बेरीज आणि संख्या अशी जोडी असते. भागाकार शेवटी, फायनलफंकमध्ये.

जिम ग्रे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकात ॲग्रिगेटांची तीन कुळं पाडली, ती आजही उपयोगी पडतात. पहिलं: सम, काउंट, मिन, मॅक्स. तुकड्यांची उत्तरं थेट एकत्र करता येतात. दुसरं: सरासरी, प्रमाण विचलन. स्टेट उत्तरापेक्षा वेगळी, पण ठरावीक लहान आकाराची. तिसरं: मध्यक, बहुलक, वेगळ्या किमतींची नेमकी संख्या. इथे लहान, ठरावीक स्टेट पुरतच नाही. वाईट प्रसंगी सगळ्या किमती साठवाव्या लागतात.

तुमचा हिशेब कोणत्या कुळातला हे आधी ओळखा. तिसऱ्यातला असेल तर दोनच वाटा: स्मृतीची किंमत मोजा, किंवा अंदाजावर समाधान माना. वेगळ्या किमती मोजायला फिलिप फ्लाजोले आणि सहकाऱ्यांची २००७ मधली हायपरलॉगलॉग पद्धत याच तडजोडीवर चालते. थोड्या किलोबाइटांत कोट्यवधी किमतींचा अंदाज, एक-दोन टक्क्यांच्या आसपासच्या चुकीसह.

दुसऱ्या कुळातही एक खड्डा आहे. प्रमाण विचलनासाठी बेरीज आणि वर्गांची बेरीज ठेवणं हे पाठ्यपुस्तकी सूत्र. पण किमती मोठ्या आणि एकमेकींच्या अगदी जवळच्या असल्या की दोन प्रचंड आकड्यांची वजाबाकी होते, डबल प्रिसिजनमधले (ठरावीक अंकच धरणाऱ्या फ्लोट प्रकारातले) मागचे अंक उडतात आणि उत्तर बिघडतं; कधी विचरण, म्हणजे प्रमाण विचलनाचा वर्ग, चक्क ऋण निघतं. वेलफर्ड यांनी १९६२ मध्ये मांडलेली पद्धत सरासरी आणि सरासरीपासूनच्या फरकांच्या वर्गांची बेरीज पुढे नेत हे टाळते. पोस्टग्रेसनेही आवृत्ती १२ मध्ये आपल्या फ्लोट विचरणासाठी याच धर्तीची यंग्ज-क्रेमर पद्धत घेतली. पैशांचा मामला असेल तर मात्र न्यूमेरिकच वापरा, वेग गेला तरी चालेल.

ओळी कोणत्या क्रमाने येतात?

कोणत्याही. डेटाबेस क्रमाची हमी देत नाही, आणि काल बरोबर आलेला क्रम उद्या नवा इंडेक्स लागल्यावर बदलू शकतो. बेरजेला फरक पडत नाही. मजकूर जोडण्याला, 'पहिली किंमत' किंवा 'शेवटची किंमत' यांना पडतो. त्यासाठी ॲग्रिगेटच्या कंसातच ऑर्डर बाय लिहा, तुमच्या स्वतःच्या ॲग्रिगेटलाही ते चालतं. फक्त ते सगळ्या पॅरामीटरांच्या शेवटी येतं. स्ट्रिंग ॲगमध्ये ऑर्डर बाय आधी आणि स्वल्पविरामाचं चिन्ह नंतर लिहिणारे बरेच असतात. तसं केलं की ते चिन्ह जोडणारं चिन्ह न राहता क्रम लावण्याचा दुसरा निकष ठरतं.

समांतर चालवण्यासाठी काय करावं लागतं?

कंबाइनफंक द्यायचं आणि ॲग्रिगेटवर पॅरलल सेफ असं लिहायचं. ही सोय आवृत्ती ९.६ पासून, म्हणजे २०१६ पासून आहे.

खतावणीकडे परत जाऊ. दोन कारकुनांनी पानं वाटून घेतली. दोघांच्या हातात शेवटी एकेक 'पुढील पानावर' आहे. कंबाइनफंक त्या दोन रकमा घेऊन एक करतं. भारित सरासरीत दोन्ही ॲरेंचे खण आपापल्या जोडीदारात मिळवायचे, बस. एकाला गाईची ओळ मिळाली, दुसऱ्याला म्हशीची: १४० आणि ४०, ७० आणि १०, एकत्र २१० आणि ५०. स्टेटमध्ये नुसती सरासरी ठेवली असती तर ३.५ आणि ७ यांचं पुन्हा ५.२५ करून बसलो असतो.

दोन फसगती. पहिली: सुरक्षित आहे की नाही हे ठरवताना प्लॅनर (क्वेरी कशी चालवायची ते ठरवणारा डेटाबेसचा भाग) फक्त ॲग्रिगेटवरची पाटी वाचतो, आतल्या एसफंकवर काय लिहिलंय ते बघत नाही. एसफंक सेफ केलं आणि ॲग्रिगेटवर लिहायला विसरलात तर ते अनसेफच धरलं जातं आणि तुम्ही 'समांतर का चालत नाही' म्हणून डोकं खाजवत बसता. उलट चूक, म्हणजे सेफ नसलेल्यावर सेफ लिहिणं, जास्त घातक. दुसरी: कंसात डिस्टिंक्ट किंवा ऑर्डर बाय आलं की तुकड्या-तुकड्याने एकत्र करणं बंद होतं, कंबाइनफंक असो वा नसो.

स्टेट सीमधल्या इंटर्नल प्रकारची असेल तर ती एका प्रोसेसमधून दुसरीकडे न्यायला सीरियलफंक आणि डीसीरियलफंकही लागतात, आणि कंबाइनफंक स्ट्रिक्ट ठेवून चालत नाही. प्लपीजीएसक्यूएलमध्ये (पोस्टग्रेसची फंक्शनं लिहायची स्वतःची भाषा) लिहिणाऱ्यांना याची चिंता नको.

ओव्हर लावून विंडो फंक्शन म्हणून वापरता येईल का?

लगेच, वेगळं काही न लिहिता. (विंडो फंक्शन म्हणजे ओळी एकत्र न करता प्रत्येक ओळीला तिच्या आसपासच्या ओळींवरून उत्तर देणारं.) फक्त सरकत्या चौकटीत ते हळू होतं. 'मागच्या सात दिवसांची सरासरी' अशी चौकट पुढे सरकली की तिच्या शेपटाची ओळ बाहेर पडते, आणि ती वजा कशी करायची हे ॲग्रिगेटला ठाऊक नसल्यामुळे प्रत्येक ओळीला पूर्ण चौकट नव्याने मोजली जाते. सात ओळींना कोण विचारतो? पण चौकट पाच हजार ओळींची झाली की जाणवतं.

उपाय म्हणजे एमएसएफंक आणि एमइन्व्हफंक ही जोडी: एक ओळ मिळवतं, दुसरं काढून टाकतं. भारित सरासरीत काढणं म्हणजे दोन वजाबाक्या. फ्लोटवर मात्र हे करू नका. दहाचा विसावा घात आणि एक यांची बेरीज डबल प्रिसिजनमध्ये दहाचा विसावा घातच राहते. त्यातून मोठा आकडा बाहेर काढला की उरतं शून्य, जिथे एक हवा होता. अंगभूत फ्लोट समाला उलटं फंक्शन दिलेलं नाही ते यामुळेच.

विंडोमध्ये फायनलफंक एकाच चालू स्टेटवर पुन्हा पुन्हा बोलावलं जातं. म्हणून त्याने स्टेटला हात लावायचा नाही, फक्त वाचायची.

माझं ॲग्रिगेट खूपच मंद आहे. का?

एसफंक ओळीगणिक एकदा चालतं. दहा लाख ओळी म्हणजे दहा लाख हाका, आणि प्लपीजीएसक्यूएलमध्ये प्रत्येक हाकेला नवा ॲरे तयार होतो. म्हणून शक्य तिथे एसफंकच्या जागी अंगभूत फंक्शन बसवा, गुणाकारात केलं तसं. नाहीच जमलं तर सी, पण बहुतेक क्लाउड सेवांवर स्वतःची सी लायब्ररी चढवू देत नाहीत, हे आधी तपासा. आणि अहवाल रात्री दोन वाजता आपोआप चालणार असेल तर चार सेकंदांचे दोन करण्यात आयुष्य घालवू नका.

बरोबर चालतंय हे तपासू कसं?

आधी एसफंक हाताने बोलवा, साध्या सिलेक्टमध्ये, एक स्टेट आणि एक ओळ देऊन. मग पाच छोटे गट करा: रिकामा, सगळे नल, एकच ओळ, नलने सुरू होणारा, नलने संपणारा.

त्यानंतरची चाचणी बहुतेक जण करतच नाहीत. कंबाइनफंक लहान तक्त्यावर कधी चालतच नाही, कारण तिथे प्लॅनर समांतर जाण्याच्या भानगडीत पडत नाही. तुमच्या लॅपटॉपवर सगळं हिरवं, आणि चूक उघडी पडते थेट मोठ्या तक्त्यावर. म्हणून चाचणीच्या सेशनमध्ये पॅरलल सेटअप कॉस्ट, पॅरलल टपल कॉस्ट आणि मिन पॅरलल टेबल स्कॅन साइज तिन्ही शून्य करा, आणि एक्स्प्लेनमध्ये (क्वेरी कशी चालेल ते दाखवणारी आज्ञा) पार्शल ॲग्रिगेट व फायनलाइझ ॲग्रिगेट हे दोन टप्पे दिसतात का बघा. मग समांतर बंद करून तेच उत्तर येतं का ते ताडून पाहा.

नंतर बदल करायचा झाला तर?

एसफंकच्या आतला कोड क्रिएट ऑर रिप्लेस फंक्शनने बदलता येतो, ॲग्रिगेटला हात लावावा लागत नाही. ॲग्रिगेटचीच व्याख्या बदलायची तर आवृत्ती १२ पासून क्रिएट ऑर रिप्लेस ॲग्रिगेट आहे. मटेरियलाइज्ड व्ह्यूमध्ये साठलेली जुनी उत्तरं मात्र रिफ्रेश करेपर्यंत जुनीच राहतात. ड्रॉप करताना नावासोबत पॅरामीटरांचे प्रकारही द्यावे लागतात.

मी दुसरा डेटाबेस वापरतो. तिथे काय?

कल्पना सगळीकडे तीच, नावं निराळी. एसक्यूएल सर्व्हरमध्ये २००५ पासून डॉटनेटमध्ये इनिट, ॲक्युम्युलेट, मर्ज, टर्मिनेट. ओरॅकलमध्ये इनिशियलाइझ, इटरेट, मर्ज, टर्मिनेट. मर्ज म्हणजे आपलं कंबाइनफंक. मायएसक्यूएलमध्ये सी किंवा सी प्लस प्लसमधून लायब्ररी बनवावी लागते, साध्या एसक्यूएलमध्ये ॲग्रिगेट लिहिता येत नाही. मारियाडीबीने ती सोय १०.३ मध्ये दिली.

शिकायचं असेल तर मी पायथन आणि एसक्यूलाइट सुचवीन. एक क्लास, त्यात स्टेप आणि फायनलाइझ या दोन मेथड, आणि कनेक्शनवर क्रिएट ॲग्रिगेट. स्ट्रिक्ट वगैरे भानगड तिथे नाही, नल हा नन म्हणून थेट स्टेपमध्ये येतो, तेव्हा तो तुम्हीच हाताळायचा. हे ॲग्रिगेट फाइलमध्ये साठत नाही, त्या कनेक्शनपुरतंच असतं; तीच फाइल दुसऱ्या टूलमध्ये उघडलीत तर 'असं फंक्शन नाही' हेच ऐकायला मिळेल. आणि स्टेपमध्ये काही फुटलं तर पायथन फक्त 'स्टेप मेथडमध्ये एरर' एवढंच सांगून गप्प बसतं. मूळ कारण बघायला सुरुवातीलाच इनेबल कॉलबॅक ट्रेसबॅक्स चालू करा. हे मला कोणी आधी सांगितलं असतं तर एक रविवार वाचला असता.